हिऱ्याची घंटी सोडल्यावर

• रत्नकलाकार : सुरतेतला पैलू पाडणारा कारागीर. ‘ब्रिलियंट’ कटच्या हिऱ्याला ५७ किंवा ५८ पैलू. मजुरी बहुधा नगावर, त्यामुळे मंदी आली की थेट पाकिटात दिसते.

• मालक बदलणे वेगळे, हुन्नर बदलणे वेगळे. प्रयोगशाळेतल्या हिऱ्यालाही तेच पैलू, तीच घंटी (हिरा घासायची फिरती चकती). शिलाई मशिनवर मात्र हात नव्याने बसवावा लागतो.

• आयटीआय : किमान वय १४. कमाल वयाची अट सहसा नाही; चाळिशीतही अर्ज चालतो.

• आरपीएल : कामावरच शिकलेल्या कौशल्याची चाचणी घेऊन प्रमाणपत्र. कागद नाही पण हात आहे, अशांसाठी.

• मुक्त विद्यापीठे : इग्नू (१९८५). अहमदाबादचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर (१९९४). मराठीतून शिकायचे तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण (१९८९).

• मुद्रा कर्ज : २०१५ पासून. ‘शिशु’ गटात ५० हजार रुपयांपर्यंत, विनातारण.

• ग्रॅच्युइटी : कायम कामगाराला सलग ५ वर्षांनंतर. राजीनाम्याआधी रुजू झाल्याची तारीख पाहावी.

• ठाऊक असलेले नाव : सी. आर. पाटील. जन्म १९५५, जळगाव जिल्हा. सुरतेत आयटीआय, मग पोलीस शिपाई. ती नोकरी सोडून राजकारण. २००९ पासून नवसारीचे खासदार.