गजकर्ण आता पूर्वीचं राहिलेलं नाही

साध्या समजल्या जाणाऱ्या एका त्वचारोगाने गेल्या दहा-पंधरा वर्षांत रूप पालटलं. हे कसं घडलं याचा माग दवाखान्यांनी आणि प्रयोगशाळांनी मिळून काढला आहे.

जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली, काखेत किंवा पाठीवर लालसर गोल चट्टा उठतो. कडेला बारीक पुरळ, मधला भाग जरा निवळलेला आणि घाम आला की जीव नकोसा करणारी खाज. गजकर्ण किंवा नायटा घराघरांत ठाऊक आहे. पूर्वी तो फारसा कोणी मनावर घेत नसे. दोन-तीन आठवडे मलम लावलं, फारच पसरलं तर गोळ्या घेतल्या, की जायचा. आता त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात गजकर्णाचे असे रुग्ण येतात, ज्यांचा आजार वर्ष-वर्ष हटत नाही. बरा झालासा वाटतो आणि महिन्याभरात पुन्हा उठतो. एकाच घरातल्या आई, मुलगा, सून, नातू अशा सगळ्यांना तो झालेला असतो. कोणी लाजेने सांगत नाही, कोणाची रात्रीची झोप गेलेली असते.

हा आजार बुरशीमुळे होतो हे माणसाला कळलं, त्याला आता जवळपास दोन शतकं होतील. मूळचे हंगेरीचे डेव्हिड ग्रुबी यांनी १८४१ मध्ये पॅरिसमध्ये डोक्यावरच्या अशाच एका रोगाच्या खपल्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या, त्यातली बुरशी बटाट्याच्या कापांवर वाढवली आणि ती निरोगी त्वचेवर घातल्यावर रोग होतो हे दाखवलं. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवला तो १८८२ मध्ये. म्हणजे सूक्ष्म जीवामुळे माणसाला रोग होतो, याचे आरंभीचे पुरावे आपल्या त्वचेवरूनच मिळाले. पुढे पॅरिसच्याच सेंट लुई रुग्णालयात रेमों साबुरो यांनी या बुरशींचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांच्या नावाचं संवर्धन माध्यम आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वापरलं जातं.

ही बुरशी केराटिनवर जगते. त्वचेचा सगळ्यात वरचा थर, केस आणि नखं याच प्रथिनाची बनलेली असतात. बुरशी एका ठिकाणी रुजते आणि चहूबाजूंनी बाहेर पसरत जाते. मागे राहिलेल्या भागात शरीराची प्रतिकारशक्ती तिला आवरते, म्हणून मधला भाग निवळतो आणि कडा पेटलेली राहते. चट्टा गोल दिसतो तो यामुळे. तपासणीसाठी डॉक्टर कडेचेच पापुद्रे खरवडून घेतात तेही यासाठीच. त्या पापुद्र्यांवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की त्वचेच्या पेशी विरघळतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे फाटे फुटलेले धागे दिसतात. स्वस्त, काही मिनिटांत होणारी ही तपासणी आहे. ती फार कमी वेळा होते.

मग बदललं काय? पूर्वी भारतात या आजारात मुख्यतः ट्रायकोफायटॉन रुब्रम नावाची बुरशी सापडायची. गेल्या दशकात देशाच्या वेगवेगळ्या भागांतल्या प्रयोगशाळांना तिच्या जागी दुसरीच बुरशी मोठ्या प्रमाणावर दिसू लागली. तिच्या जनुकांची तपासणी झाली तेव्हा ठिकठिकाणचे नमुने एकमेकांशी जवळजवळ तंतोतंत जुळले. याचा अर्थ असा, की एकाच वंशाची बुरशी झपाट्याने देशभर पसरली होती. जपानमध्ये राहणाऱ्या एका भारतीय आणि एका नेपाळी रुग्णाच्या नमुन्यांवरून २०२० मध्ये तिथल्या संशोधकांनी तिला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे नाव दिलं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या दोन स्त्रियांमध्ये ती आढळल्याची नोंद झाली. अमेरिकेतली ही पहिली नोंद. त्यांतली एक बांगलादेशला जाऊन आली होती, दुसरीने परदेश प्रवास केलाच नव्हता.

औषध का चालत नाही, याचं उत्तर प्रयोगशाळेत मिळालं. गजकर्णावरचं सर्वांत भरवशाचं औषध टर्बिनाफिन. बुरशीच्या पेशीला आपलं आवरण बांधायला एर्गोस्टेरॉल लागतं. ते तयार होण्याच्या वाटेवर स्क्वालीन इपॉक्सिडेज नावाचं विकर काम करतं. टर्बिनाफिन त्या विकराला चिकटून त्याचं काम बंद पाडतं. मग आवरण बांधलं जात नाही, आत स्क्वालीन साचत जातं आणि बुरशी मरते. दिल्ली आणि चंदीगडमधल्या संशोधकांना हट्टी बुरशीच्या या विकरात बदल आढळला. त्याच्या अमिनो आम्लांच्या साखळीतल्या ३९७ क्रमांकाच्या जागी फिनाइलअॅलनिनऐवजी ल्युसिन बसलेलं होतं. काही नमुन्यांत ३९३ व्या जागी बदल होता. एवढ्या एका कणाच्या अदलाबदलीने औषधाची पकड सुटते आणि विकर आपलं काम चालू ठेवतं.

दवाखान्यात याचे परिणाम मोजले गेले. वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठात २०० रुग्णांचे चार गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, निवड न करता पाडले गेले आणि प्रत्येक गटाला वेगळी गोळी दिली गेली. आठ आठवड्यांनंतर इट्राकोनॅझोल घेणाऱ्यांपैकी ६६ टक्के, फ्लुकोनॅझोलवाल्यांपैकी ४२ टक्के, टर्बिनाफिनवाल्यांपैकी २८ टक्के आणि ग्रिसिओफल्विनवाल्यांपैकी अवघे १४ टक्के रुग्ण बरे झाले. सर्वांत चांगल्या औषधानेही दोन महिन्यांत तीनातला एक रुग्ण बरा होत नाही, हे वाचून कोणाही डॉक्टरला चिंता वाटावी. इट्राकोनॅझोल त्याच एर्गोस्टेरॉलच्या वाटेवर वेगळ्या ठिकाणी घाव घालतं, म्हणून ते अजून उपयोगी पडतं. तेही बेताल वापरलं, तर पुढे हातात फार थोडं उरेल.

या सगळ्यात मेडिकलच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या मलमाच्या ट्यूबचा वाटा मोठा आहे. अशा अनेक मलमांत बुरशीविरोधी औषध, प्रतिजैविक आणि क्लोबेटासोलसारखं अतितीव्र स्टेरॉइड एकत्र असतं. स्टेरॉइड दाह थांबवतं, दोन दिवसांत खाज जाते आणि माणूस खूश होतो. पण घरात चोर शिरलेला असताना राखणीच्या कुत्र्याचं तोंड बांधावं, तसं हे आहे. भुंकणं थांबतं, चोर निर्धास्त होतो. त्वचेची प्रतिकारशक्ती दबल्यामुळे बुरशी खोलवर आणि दूरवर पसरते. चट्ट्याचा गोल आकार मोडतो आणि आजार ओळखूच येत नाही. हा प्रकार ब्रिटनमधल्या दोन डॉक्टरांनी १९६८ मध्येच नोंदवून ठेवला होता. मलम बंद करताच खाज दुपटीने परत येते, म्हणून माणूस पुन्हा तीच ट्यूब आणतो. काही महिन्यांत जांघेतली कातडी पातळ होते आणि तिथे पडलेले ताणाचे पट्टे जन्मभर जात नाहीत.

स्टेरॉइडमुळे बुरशीच्या जनुकात बदल होतो असं नाही. बदल आपसूक घडत असतात. औषध अर्धवट घेतलं की कमजोर बुरशी मरते आणि तग धरणारी उरते, स्टेरॉइड तिला वाढायला रान मोकळं करून देतं आणि एकच टॉवेल वापरणारं घर तिला पुढची त्वचा पुरवतं.

देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने या मलमांच्या गैरवापराविरुद्ध सातत्याने आवाज उठवला. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असा नियम केला. नियम चांगला आहे. तो दुकानाच्या काउंटरवर पाळला जातो का, हे पाहण्याची जबाबदारी अन्न व औषध प्रशासनाइतकीच तिथे उभ्या असलेल्या ग्राहकाचीही आहे.

घरी करण्यासारखं पुष्कळ आहे. उपचार घरातल्या सगळ्या बाधितांनी एकाच वेळी घ्यायचे. टॉवेल, अंतर्वस्त्रं आणि अंथरूण वेगळं ठेवायचं, कपडे कढत पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवायचे. ओले किंवा घट्ट कपडे अंगावर ठेवायचे नाहीत. चट्टा दिसेनासा झाला तरी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस औषध पुरं करायचं, कारण डोळ्यांना न दिसणारे धागे त्वचेत शिल्लक असतात.

मात्र सगळा भार रुग्णावर टाकून चालणार नाही. पापुद्रे खरवडून पाहण्याची सोय प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात असायला हवी, कारण त्यासाठी लागतो तो सूक्ष्मदर्शक तिथे क्षयाच्या तपासणीसाठी असतोच. कोणत्या भागातली बुरशी कोणत्या औषधाला दाद देते हे मोजणाऱ्या प्रयोगशाळा वैद्यकीय महाविद्यालयांत उभ्या राहायला हव्यात. त्वचेचे आजार जीव घेत नाहीत म्हणून ते कायम रांगेच्या शेवटी राहिले. रात्र-रात्र खाजवत बसणारा मजूर आणि वर्षभर उपचारांवर पैसे घालवणारं कुटुंब यांना हे कारण पटणार नाही. संशोधकांनी बुरशीच्या एका रेणूतला एक कण शोधून आपलं काम केलं आहे. त्याचा उपयोग व्हायचा तर पुढच्या वेळी मलम मागताना दोन प्रश्न विचारा: यात स्टेरॉइड आहे का, आणि माझी त्वचा तपासून हे लिहून दिलं आहे का?