पोट दुखतंय, शाळेत नाही जायचं

साक्रीकडच्या खेड्यातून धुळ्याच्या शाळेत पाचवीला आलेला मुलगा बाईंच्या प्रश्नाला पटकन अहिराणीत उत्तर देतो. वर्ग हसतो. इथवर फारसं बिघडलेलं नसतं. बिघडतं ते दुसऱ्या दिवशी, मधल्या सुट्टीत कुणी मुद्दाम ‘काय करी राहिना रे?’ म्हणत त्याची नक्कल करतो तेव्हा. मग डबा पळवला जातो, टपल्या सुरू होतात, आणि खेळात त्याला कुणी घेत नाही.

नॉर्वेतले मानसशास्त्रज्ञ डॅन ऑल्व्हेउस यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या: दुखवायचा हेतू, तेच पुन्हापुन्हा घडणं आणि दोघांच्या बळातली तफावत. ही तिसरी खूण मोठ्यांच्या नजरेतून सुटते. मागे चार मित्र असणं, वडिलांचं गावात वजन असणं, ‘शुद्ध’ बोलता येणं हेही बळच. यावल-चोपड्याकडच्या तडवी, पावरा मुलांच्या वाट्याला त्यात जातीवरचे टोमणेही येऊ शकतात. म्हणून ‘तूही दे एक ठेवून’ हा सल्ला कुचकामी ठरतो.

छळ चालतो बघ्यांच्या जोरावर. कॅनडातल्या शाळांच्या मैदानांवरचं चित्रीकरण तपासणारा एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. बरोबरीची मुलं मध्ये पडली तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा तो प्रकार १० सेकंदांत थांबला होता. मध्ये पडणारी मुलं मात्र थोडीच होती.

सोमवारी सकाळी दुखणारं पोट खोटं नसतं. भीतीने शरीर सतत सावध राहतं, भूक मरते, झोप तुटते. मुतारीत कुणी गाठेल म्हणून काही मुलं दिवसभर पाणीच पीत नाहीत. लक्ष फळ्याकडे नसतं, मागच्या बाकाकडे असतं. मार्क घसरतात, घरी बोलणी बसतात, आणि सांगायची उरलीसुरली जागाही जाते.

वय वाढलं की छळ आपोआप संपतो असं समजू नये. जळगावच्या डॉ. पायल तडवी मुंबईत स्त्रीरोगशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. २२ मे २०१९ रोजी त्यांनी आत्महत्या केली. वरिष्ठ डॉक्टरांनी जातीवरून छळल्याचा आरोप कुटुंबाने केला आणि प्रकरण कोर्टात गेलं. त्रास होतोय हे त्यांनी घरी सांगितलं होतं, आईने तक्रारही केली होती. ऐकणाऱ्याने हालचाल केली नाही तर सांगूनही उपयोग नसतो, हे मला यातलं सर्वांत अस्वस्थ करणारं वाटतं.

म्हणून तक्रार तोंडी ठेवू नका. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा आहे. शिक्षण देणारी संस्था, वसतिगृह, शिकवणी वर्ग त्यात येतात, आणि चिडवणं, धमकावणंही. लेखी तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने ७ दिवसांत चौकशी करायची असते. टाळाटाळ केली तर तोही दोषी धरला जातो. अर्जात तारीख, जागा, कोण हजर होतं ते लिहा आणि पोच घ्या. मुलाला स्वतःच बोलायचं असेल तर १०९८ हा मुलांच्या मदतवाहिनीचा नंबर त्याच्या वहीत लिहून द्या.