पदक आधी पालथं करून बघा

आळंदीत एक निवृत्त टूलरूम कामगार सोव्हिएत लष्कराची पदकं गोळा करतात, त्यांना भेटून या, एवढंच संपादकांनी सांगितलं होतं. कार्तिकी तोंडावर आली होती. देहू फाट्यापासूनच दिंड्यांची रीघ लागलेली, तुळशीमाळांची आणि टाळांची दुकानं रस्त्यावर पुढे आलेली. त्या गर्दीतून वाट काढत मी एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर पोचले. माझं नाव छापायचं नाही, एवढी एकच अट त्यांनी घातली. म्हणून इथे त्यांना नुसतं काका म्हणते.

भोसरीच्या एका कारखान्यात त्यांनी उभी नोकरी डाय आणि पंच बनवण्यात घालवली. थोरले भाऊ ओझरला, मिग विमानांच्या कारखान्यात. तो कारखाना १९६४ सालचा, आणि उभारणीच्या काळात तिथे सोव्हिएत तंत्रज्ञ कामाला असत. त्यांच्यापैकी कुणीतरी भावाला शर्टाला लावायचा छोटा बिल्ला दिला, तो शाळकरी वयात काकांच्या हाती आला. तेव्हापासून हे वेड. पुढे नोकरी सांभाळून ते पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकले, तेही पदकाच्या पाठीवर काय लिहिलंय ते वाचता यावं म्हणून.

मला वाटलं होतं भिंतभर काचेची कपाटं असतील. संग्रह लोखंडी कपाटाच्या एका खणात मावतो. काकांनी मऊ कापडात गुंडाळलेला एक तारा टेबलावर ठेवला आणि भिंग पुढे केलं. मी समोरची बाजू बघायला लागले तर म्हणाले, “ताई, आधी पालथं करून बघा. समोरून सगळे सारखेच.”

ती होती ऑर्डर ऑफ द रेड स्टार. ६ एप्रिल १९३० रोजी हा सन्मान सुरू झाला आणि सोव्हिएत संघ संपेपर्यंत सुमारे ३८ लाख वेळा दिला गेला. वजन साधारण ३३ ग्रॅम, त्यातली बहुतेक चांदी. पाच पाकळ्यांवर माणकासारखा गडद लाल मिना, मध्ये लांब कोट घालून बंदूक घेतलेला सैनिक, भोवती ‘जगातील कामगारांनो, एक व्हा’ ही घोषणा. इतिहास एवढा पुरे, कारण काकांचा जीव गुंतलाय तो मागच्या बाजूत. तिथे ‘मोनेत्नी द्वोर’ म्हणजे टांकसाळ अशी उठावाची अक्षरं, मधोमध आटे पाडलेला खांब आणि खाली हाताने कोरलेला क्रमांक. या ताऱ्याला पिन नसते. गणवेशाला भोक पाडायचं, खांब आत घालायचा आणि मागून गोल चकतीची चाकी आवळायची.

काकांची नजर मला इथे कळली. पदकांचे जाणकार ज्याला ‘प्रकार’ म्हणतात, ते काकांच्या लेखी डायचं आयुष्य आहे. डाय नवी असते तेव्हा अक्षरांच्या कडा धारदार उमटतात. हजारो ठोक्यांनंतर कडा बोथट होतात, एखाद्या अक्षराचा पाय भरून येतो. डायला बारीक तडा गेला की तो पुढच्या प्रत्येक नगावर केसासारख्या रेघेने उमटतो आणि नगागणिक लांबत जातो. मग डाय बदलते आणि अक्षरांची ठेवणही जराशी हलते. कोणत्या डायचे नग साधारण कोणत्या क्रमांकांच्या टप्प्यात येतात, याच्या याद्या जगभरच्या संग्राहकांनी वर्षानुवर्षं नग ताडून तयार केल्या आहेत. डाय एका काळातली आणि क्रमांक दुसऱ्याच काळातला निघाला, की तो नग खोटा.

खोटेपणाचे प्रकार बरेच. सर्वांत वाईट प्रकारात तारा खरा असतो आणि क्रमांक घासून त्या जागी एखाद्या नामांकित वीराचा क्रमांक कोरलेला असतो, कारण त्याला भाव जास्त. काकांनी मायक्रोमीटर काढला, क्रमांकाच्या जागेची जाडी घेतली, मग शेजारची घेतली. “घासलं की माल कमी होणारच. चांदी पुन्हा वाढत नाही.” मिन्याची डागडुजी ओळखायला अतिनील दिवा. भट्टीत भाजलेला मिना आणि नंतर भरलेला रंग त्या उजेडात वेगळे दिसतात. या माणसाला आयुष्यभर जे काम येत होतं, तेच त्यांना हजारो मैलांवरच्या टांकसाळीतल्या कारागिरापर्यंत घेऊन गेलं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

पण क्रमांक तिथे आलाच कशाला? कारण हिशेबाचं आहे. पदकधारकाला एक पुस्तिका मिळे, तिच्यात नाव आणि पदकाचा क्रमांक. सन्मानाबरोबर दरमहा थोडी रक्कमही मिळायची, ती १ जानेवारी १९४८ पासून बंद झाली. पैसे थांबले तरी नोंदी उरल्या. मॉस्कोजवळ पोदोल्स्कला संरक्षण खात्याचं मध्यवर्ती दफ्तर आहे. क्रमांकावरून नाव मिळालं, की तिथल्या शिफारसपत्रापर्यंत जाता येतं. या पत्रात सैनिकाचं जन्मवर्ष, हुद्दा, सैन्यात भरती कधी झाली, जखमा किती, घरचा पत्ता आणि खाली त्याच्या अधिकाऱ्याने लिहिलेली हकिगत असते. कुठल्या नदीवर, कोणत्या रात्री, गोळीबार चालू असताना तारा जोडल्या की सुरुंग काढले, असं सगळं. २०१० साली रशियाने या कागदांचं मोठं भांडार इंटरनेटवर खुलं केलं आणि जगभरच्या संग्राहकांचं काम पालटून गेलं.

प्रत्येक ताऱ्यामागे पराक्रमच असतो असंही नाही. ४ जून १९४४ च्या हुकमाने हाच तारा १५ वर्षांच्या सेवेबद्दलही देऊ लागले आणि ही पद्धत १९५७ पर्यंत चालली. काकांकडच्या एका ताऱ्याची नोंद तशीच, केवळ सेवेची निघाली. विकणाऱ्याने मात्र तो बर्लिनच्या लढाईतला म्हणून दिला होता. काकांनी तो काढून टाकला नाही. वहीत खरं लिहून ठेवलं.

ही वही म्हणजे या संग्रहाचा प्राण. मराठीत लिहिलेली, नगागणिक एक पान. आणि तिचं पहिलं पान त्यांच्याकडे नसलेल्या ताऱ्याचं आहे: सुभेदार नारायणराव निकम, रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअर, ऑर्डर ऑफ द रेड स्टार, १९४४.

ऑगस्ट १९४१ मध्ये ब्रिटिश आणि सोव्हिएत फौजा इराणमध्ये शिरल्या. त्यानंतर इराणच्या आखातातल्या बंदरांपासून उत्तरेला सोव्हिएत सरहद्दीपर्यंत रसदीची मोठी वाट उघडली. मित्रराष्ट्रांनी सोव्हिएत संघाला पाठवलेल्या मालापैकी जवळपास चौथा हिस्सा या वाटेने गेला. डोंगर, वाळवंट, उन्हाळा आणि बर्फ अशा रस्त्यांवर ट्रक चालवणाऱ्यांत हिंदी सैन्याच्या वाहतूक तुकड्या होत्या. त्यातल्या दोघांना सोव्हिएत सरकारने हा तारा दिला. एक हवालदार गजेंद्र सिंह, आजच्या उत्तराखंडातले. बसऱ्याकडे असताना १९४३ मध्ये ते जबर जखमी झाले आणि बरे होऊन पुन्हा कामावर रुजू झाले. दुसरे निकम, तमिळनाडूतले. युद्धसमाप्तीला ७५ वर्षं झाली तेव्हा, २०२० साली, ही दोन्ही नावं पुन्हा वर्तमानपत्रांत आली.

निकम हे आडनाव ऐकून मी लगेच तंजावरच्या मराठ्यांकडे वळले. काकांनी मला थांबवलं. आडनाव हा पुरावा नव्हे, कागद पाहिजे. वहीत त्या जागी त्यांनी काहीच लिहिलेलं नाही. ही शिस्त मला आवडली. तरी एक गोष्ट मनातून जात नाही. त्याच युद्धकाळात अण्णा भाऊ साठ्यांनी स्टालिनग्राडवर पोवाडा रचला, तो मुंबईच्या कामगार वस्त्यांनी ऐकला. तो पोवाडा आपल्या लक्षात राहिला, आणि रसदीचे ट्रक हाकणारे सुभेदार निकम राहिले नाहीत.

फोटोंचं पाकीट काकांनी शेवटी उघडलं. स्टुडिओत काढलेला पोस्टकार्डाएवढा फोटो: खुर्चीवर एक तरुण, मागे खांद्यावर हात ठेवून उभा दुसरा. मागच्या बाजूला जांभळ्या पेन्सिलीने ‘दीर्घ आठवणीसाठी’ अशा अर्थाची ओळ, तारीख नाही. मग काळ कसा ठरवायचा? दोघांच्या खांद्यांवर पट्ट्या आहेत. लाल सैन्यात त्या जानेवारी १९४३ मध्ये आल्या. त्याआधी हुद्दा कॉलरवरच्या त्रिकोण-चौकोनांवरून कळायचा. बसलेल्याच्या छातीवर पदक आहे ते पंचकोनी पट्टीला लटकलेलं, आणि तारा उजवीकडे आहे. दोन्ही नियम जून १९४३ चे. म्हणजे फोटो त्यानंतरचा. माझी नजर त्या पोरांच्या चेहऱ्यांवर खिळली होती. काकांची कॉलरवर होती, आणि त्यामुळेच त्यांना माझ्यापेक्षा जास्त दिसत होतं.

अडचणींबद्दल विचारलं आणि संध्याकाळ त्यातच गेली. सोव्हिएत सरकारी पदकांची खरेदी-विक्री रशियाच्या दंडसंहितेत, कलम ३२४ खाली, गुन्हा आहे. म्हणून काका रशियातून काही मागवत नाहीत. १९९१ नंतरच्या हलाखीत म्हाताऱ्या सैनिकांनी आणि त्यांच्या घरच्यांनी जी पदकं विकली, ती युरोप-अमेरिकेत पोचली आणि आता तिथून हात बदलत फिरतात. त्या व्यवहारात तारा एकाकडे, पुस्तिका दुसऱ्याकडे आणि फोटो तिसऱ्याकडे जातो, कारण सुटे विकले की पैसे जास्त येतात. काका हे ऐकवताना चिडतात. एका माणसाचा ऐवज असा फोडणारा विक्रेता त्यांच्या यादीतून कायमचा बाद होतो. युक्रेनमधलं युद्ध सुरू झाल्यापासून तर पत्रव्यवहार जवळजवळ थांबला आहे. रशियातली संकेतस्थळं इथून उघडतीलच याचा भरवसा नाही, आणि ज्यांना विचारून अडलेलं अक्षर लावून घ्यायचे, त्यांतले एक युक्रेनचे, एक रशियाचे. दोघांशीही आता बोलवत नाही, असं ते म्हणाले. ज्या पलटणीत दोघांचे आजोबा शेजारी शेजारी लढले असतील, तिचेच कागद ते वाचत होते.

काकांनंतर हे वाचणार कोण? मुलगा चाकणला नोकरीला आहे, त्याला रशियन येत नाही. वही नसेल तर खणात उरेल ती ग्रॅमवर मोजायची चांदी. वही आणि नग एकाच डब्यात ठेवा, वहीची छायाप्रत पुण्यातल्या एखाद्या ग्रंथालयाला द्या, असं मी आग्रहाने सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण उत्तर दिलं नाही.

निघताना त्यांनी आणखी एक पदक दाखवलं. हे सोव्हिएत नव्हे. खेड तालुक्यातल्या एका घरातून कुणीतरी वाचून द्या म्हणून आणलेलं, पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश चांदीचं पदक. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसरीकडे घोडेस्वार. या पदकांचं नाव पाठीवर नसतं, काठावर ठोकलेलं असतं. पदक बोटांत धरून काकांनी हळूहळू फिरवलं: शिपायाचा नंबर, हुद्दा, झिजलेलं नाव, आणि शेवटी ११० मराठाज. ही पलटण पूना डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात होती, कूतच्या वेढ्यात सापडली. २९ एप्रिल १९१६ ला तिथे सुमारे १३ हजार सैनिक शरण गेले. हा शिपाई त्या दिवशी तिथे होता का, कैदेत गेला का, घरी कसा परतला, हे काठावर लिहिलेलं नाही, आणि घरातल्या कुणाला आठवत नाही. ज्यांच्याशी काही नातं नाही अशा सैनिकांच्या एकेका रात्रीची हकिगत काकांच्या वहीत आहे. आपल्या तालुक्यातल्या माणसाच्या पानावर मात्र त्यांना तीन ओळी लिहिता आल्या. बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरला पाठवायच्या पत्राचा मसुदा त्यांनी त्याच पानात घालून ठेवला होता. त्यातला नंबर आणि नाव भिंगातून पुन्हा एकदा काठाशी ताडून मगच त्यांनी पाकीट चिकटवलं.