झुल्यावर चढण्यापूर्वी

डहाणू तालुक्यात 1991 च्या पर्यावरण अधिसूचनेने कारखान्यांवर निर्बंध घातले. कामासाठी इथली आणि तलासरीची बरीच मुले बोईसर, वापी किंवा मुंबई गाठतात. आम्ही शाळेत ज्यांना शिकवले, त्यांतले काहीजण आज उंच इमारतींना बाहेरून रंग देतात, गिलावा करतात. गच्चीवरून दोरांनी सोडलेल्या ज्या फळीवर ते उभे राहतात, तिला ते ‘झुला’ म्हणतात.

दोरावर लटकलेल्या कामात चूक सुधारायला वेळ मिळत नाही. 10 सप्टेंबर 2023 रोजी ठाण्यात 40 मजली इमारतीची लिफ्ट कोसळून 7 कामगारांचा जीव गेला. तो झुला नव्हता. पण झुल्याचाही सारा भरवसा दोरावरच असतो.

म्हणून झुल्याची तपासणी महिन्यातून एकदा नव्हे, रोज काम सुरू होण्यापूर्वी जाणकार माणसाने करायची असते. वादळवाऱ्यानंतर तर पुन्हा करायची. अमेरिकेच्या नियमांनुसार दोर त्यावर येणाऱ्या वजनाच्या सहापट ताकदीचा लागतो. तारेच्या दोराच्या एका पूर्ण पिळात 6 तारा तुटलेल्या दिसल्या, किंवा एकाच पेडातल्या 3 तुटल्या, तरी तो दोर बाद. गच्चीवरची पकड पक्की हवी. तिथे वाळूची पोती किंवा सुट्या विटा रचून भागत नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कमरेचा आणि खांद्याचा पट्टा झुल्याला बांधू नये. त्यासाठी गच्चीवर वेगळ्या जागी बांधलेला स्वतंत्र दोर हवा. झुला निसटला तरी माणूस त्या दोरावर राहतो.

ही सारी जबाबदारी मालकाची आणि ठेकेदाराची आहे. पण ‘दोर बदला’ म्हणणाऱ्याला ‘उद्यापासून येऊ नकोस’ असे ऐकावे लागते, हेही खरे. एकट्या मुलाचा आवाज दबतो. चौघांनी मिळून मुकादमाला सांगितले तर ऐकावे लागते.

पालकांनी पगाराबरोबर आणखी दोन गोष्टी विचाराव्यात: आज दोर कोणी तपासला, आणि पट्टा कशाला बांधलास? तसेच 18 ते 60 वयाच्या ज्या कामगाराने वर्षभरात 90 दिवस बांधकामावर काम केले आहे, त्याची नोंदणी राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात करून घ्यावी. त्यासाठी 90 दिवसांचा दाखला वेळीच मागून ठेवावा.

मंडळाची मदत अपघातानंतर मिळते. दोर मात्र सकाळी, चढण्याआधीच पाहायचा असतो.