बटण गेले कुठे?

आउटलुकच्या खिडकीत वर उजव्या कोपऱ्यात एक छोटी कळ असते. ‘नवे आउटलुक’ वापरून पाहण्याचे ते आमंत्रण असते. ऑफिसातले कोणीतरी उत्सुकतेने ती कळ सरकवते, पडद्याचे रूप बदलते, आणि कालपर्यंत प्रत्येक मेलच्या वर दिसणारे, मेल थेट ग्राहकाच्या नोंदीला जोडणारे बटण गायब होते. मग धावपळ सुरू होते. ॲड-ऑन काढून पुन्हा टाकले जाते, संगणक बंद करून चालू केला जातो, विकणाऱ्याला फोन लावला जातो. खरे तर बिघडलेले काहीच नसते. जुन्या आउटलुकसाठी लिहिलेली ‘कॉम’ प्रकारची ॲड-इन नव्या आउटलुकमध्ये चालतच नाहीत. तिथे फक्त वेबवर आधारलेल्या ॲड-इनना जागा आहे. कळ पूर्ववत केली की बटण परत दिसू लागते.

विमा प्रतिनिधी, डॉक्टरांचे दवाखाने, वधूवर सूचक मंडळे, छोटे कारखानदार, देणगीदारांच्या याद्या सांभाळणाऱ्या संस्था या सगळ्यांची रोजची कामे आज अशा संपर्कांच्या यादीवर चालतात. नाव, नंबर, पत्ता, शेवटचे बोलणे कधी झाले, पुढचा फोन कधी करायचा, हे सगळे एका ठिकाणी ठेवणारे प्रोग्रॅम म्हणजे संपर्क व्यवस्थापनाची सॉफ्टवेअर. आणि त्यांत मुळात नसलेली सोय बाहेरून जोडणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे ॲड-ऑन. कुठे त्याला प्लग-इन म्हणतात, कुठे ॲड-इन, कुठे एक्स्टेन्शन.

या प्रकारच्या सॉफ्टवेअरमधले एक जुने आणि ठळक नाव म्हणजे ‘ॲक्ट!’. पॅट सुलिव्हन आणि माइक मुहनी या दोघांनी ते अमेरिकेत 1987 साली बाजारात आणले. पुढे ते 1993 मध्ये सिमँटेककडे गेले, 2001 मध्ये सेजकडे आणि 2013 मध्ये स्विफ्टपेजकडे. मालक बदलत गेले, पण वापरणारे टिकून राहिले, कारण त्यांची वर्षानुवर्षांची माणसे त्या यादीत होती. लेबल छापणारी, हिशेबाच्या सॉफ्टवेअरशी बोलणारी, दुहेरी नोंदी शोधणारी कितीतरी ॲड-ऑन वेगवेगळ्या लहान कंपन्यांनी त्यासाठी लिहिली. मग 2004 मध्ये ‘ॲक्ट! 2005’ आले. ही आवृत्ती आतून नव्याने बांधलेली होती. जुन्या फाइली जाऊन डेटा एसक्यूएल सर्व्हरवर गेला आणि बाहेरच्या प्रोग्रॅमांनी आत शिरायचा मार्गही बदलला. जुन्या आवृत्तीसाठी लिहिलेल्या ॲड-ऑनना तो नवा मार्ग माहीतच नव्हता. ज्यांच्या कर्त्यांनी ती नव्याने लिहिली ती जगली, बाकीची मागे राहिली.

ॲड-ऑन हा दुसऱ्याच्या घरातला भाडेकरू असतो. घरमालकाने भिंत पाडली, कुलूप बदलले, जिना दुसरीकडे नेला, की त्याचे अडते. त्यामुळे ॲड-ऑन बंद पडले तर पहिला प्रश्न ‘ॲड-ऑनला काय झाले’ हा नसतो. ‘काल आणि आज यांत काय बदलले’ हा असतो. ऑफिसची आवृत्ती बदलली? विंडोजचा अपडेट आला? पासवर्ड बदलला? नवा संगणक आला? या प्रश्नाला दोन मिनिटे दिली, तर पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करण्यात जाणारे दोन तास वाचतात. ॲड-ऑन काढून पुन्हा टाकणे हा लोकांचा सर्वांत आवडता उपाय आहे आणि बहुतेक वेळा तो निरुपयोगी ठरतो, कारण मूळ कारण जिथल्या तिथेच राहते.

इन्स्टॉल करतानाच्या चुकाही ठरावीक असतात. सर्वांत मोठी चूक म्हणजे बत्तीस बिट आणि चौसष्ट बिट यांची गल्लत. कॉम ॲड-इन आउटलुकच्या पोटात शिरूनच चालते, त्यामुळे दोघांची जात एकच असावी लागते. चौसष्ट बिटचे आउटलुक बत्तीस बिटची फाइल उचलत नाही. ऑफिस 2016 पर्यंत नेहमीच्या इन्स्टॉलेशनमध्ये बत्तीस बिटची प्रत बसत असे. 2019 च्या ऑफिसपासून चौसष्ट बिटची बसू लागली. म्हणजे मालकाने हौसेने नवे ऑफिस घेतले आणि जुने ॲड-ऑन मुके झाले, असे घडायला तेवढे पुरे होते. आपल्याकडे कोणती प्रत आहे हे पाहायला फाइल मेनूमध्ये ‘ऑफिस अकाउंट’ आणि तिथे ‘अबाउट आउटलुक’ उघडायचे. पहिल्याच ओळीत शेवटी ते लिहिलेले असते.

दुसरी अडचण फारशी कोणाला ठाऊक नसते. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलला विंडोज एक अदृश्य खूण लावते: ही फाइल बाहेरून आलेली आहे. झिप फाइल विंडोजच्याच साधनाने उघडली, की ती खूण आतल्या फाइलींनाही लागते. ॲक्ट!च्या प्लग-इनसारखी डॉट-नेटवर लिहिलेली ॲड-ऑन अनेकदा हाताने ‘प्लग-इन्स’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवावी लागतात, आणि अशी खूण असलेली फाइल डॉट-नेट उचलायला नकार देऊ शकते. पडद्यावर मात्र काहीच दिसत नाही. मेनूमध्ये नवी ओळ येत नाही, इतकेच. यावर उपाय सोपा आहे. झिप उघडण्याआधी तिच्यावर राइट-क्लिक करायचे, ‘प्रॉपर्टीज’ उघडायचे आणि तळाशी ‘अनब्लॉक’ची चौकट दिसली तर तिथे खूण करायची. अर्थात फाइल मूळ कर्त्याच्या ठिकाणावरूनच आणली आहे याची खात्री असेल, तरच. ती खूण उगाच लावलेली नसते.

बिघाड शोधण्याची खरी मजा पुढे आहे. आउटलुक चालू करताना कंट्रोल की दाबून धरली, की ते ‘सेफ मोड’मध्ये, म्हणजे ॲड-इनशिवाय उघडायचे का, असे विचारते. थंडरबर्ड या मोफत मेल प्रोग्रॅममध्ये हेच काम शिफ्ट की दाबून होते. अशा साध्या रूपात तक्रार नाहीशी झाली, तर दोष कोणत्यातरी ॲड-ऑनचा. तशीच राहिली, तर मूळ प्रोग्रॅमचा किंवा डेटाचा. एवढ्या एका चाचणीने अर्धा प्रश्न सुटतो. मग दोषी कोण हे शोधायला एकेक ॲड-ऑन तपासत बसायची गरज नाही. आठ असतील तर चार बंद करायची. तक्रार गेली, तर दोषी त्या चारांत; राहिली, तर उरलेल्या चारांत. पुढच्या वेळी दोन, मग एक. तीन फेऱ्यांत नाव समोर येते. सोळा असली तरी चार फेऱ्या पुरतात.

आउटलुकमध्ये आणखी एक प्रकार घडतो, आणि त्याने भलेभले चकतात. 2013 च्या आवृत्तीपासून आउटलुक प्रत्येक ॲड-इन चालू व्हायला किती वेळ घेते ते मोजते. सलग पाच वेळांच्या मोजणीत मधली वेळ एक सेकंदाच्या वर गेली, तर ते त्या ॲड-इनला बाजूला काढते. ॲड-इन चांगले असते, संगणक मंद असतो, आणि शिक्षा ॲड-इनला होते. अशी बाजूला काढलेली ॲड-इन फाइल मेनूमधल्या ‘स्लो अँड डिसेबल्ड’ यादीत सापडतात आणि ती कायम चालू ठेवायला तिथूनच सांगता येते. याहून खोल उतरायचे, तर विंडोजच्या रजिस्ट्रीत प्रत्येक कॉम ॲड-इनपुढे ‘लोडबिहेव्हियर’ नावाचा आकडा असतो. तो 3 असेल तर आउटलुकबरोबर ॲड-इन चालू होते. 2 झाला असेल तर चालू होत नाही. आकडा 3 करूनही तो पुन्हा पुन्हा 2 होत असेल, तर ॲड-इन चालू होतानाच कोसळते आहे असे समजावे आणि आकड्याशी झगडणे थांबवून कर्त्याकडे जावे. रजिस्ट्रीला हात लावण्याआधी तिची प्रत काढून ठेवणे मात्र चुकवू नये.

कधी दोष ॲड-ऑनमध्येही नसतो आणि संगणकातही नसतो. 4 मे 2019 च्या सकाळी भारतात लोकांनी फायरफॉक्स ब्राउझर उघडला, तेव्हा त्यांची एक्स्टेन्शन एकामागोमाग बंद पडत होती. जगभर तेच चालले होते. एक्स्टेन्शन अस्सल असल्याची खात्री देणाऱ्या साखळीतल्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली होती आणि ते वेळेवर नवे करायचे राहून गेले होते. ज्यांनी त्या दिवशी घाईने एक्स्टेन्शन काढून टाकली, त्यांतल्या अनेकांची आतली माहितीही त्यांच्याबरोबर गेली. जे थांबले त्यांचे दुरुस्तीनंतर सगळे परत आले. गुगलबाबतही असेच घडले. गुगलने 19 जानेवारी 2022 रोजी आपला जुना कॉन्टॅक्ट्स एपीआय, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रॅमांनी संपर्कांपर्यंत पोहोचायची वाट, बंद केला आणि त्याच्या जागी पीपल एपीआय ठेवला. जुन्या वाटेने संपर्क जुळवणारे जे प्रोग्रॅम तोवर बदलले नव्हते, त्यांचे काम थांबले. त्याच वर्षी 30 मेपासून नुसते नाव आणि पासवर्ड घेऊन गुगल खात्यात शिरणारे बाहेरचे प्रोग्रॅमही साध्या खात्यांसाठी अडवले गेले. अशा वेळी पासवर्ड दहादा टाकून काही होत नाही.

थंडरबर्डने 2020 मध्ये 78 क्रमांकाची आवृत्ती काढली, तेव्हा जुन्या धाटणीची सगळी ॲड-ऑन एकदम बाद झाली. त्याच आवृत्तीत पत्त्यांच्या वहीची फाइलही बदलली. आधी ती ‘मॅब’ फाइल होती, आता एसक्यूलाइट झाली. काहींनी ॲड-ऑनची ‘एक्सपीआय’ फाइल उघडून आतला आवृत्तीचा आकडा हाताने वाढवला आणि थंडरबर्डला फसवून पाहिले. एक्सपीआय ही मुळात झिप फाइलच असते, त्यामुळे हे करता येते. पण हा मार्ग धरू नये. तो आकडा कर्त्याने काही कारणाने लिहिलेला असतो, आणि चुकीच्या आवृत्तीत शिरलेले ॲड-ऑन लोकांच्या नावांवर नको ते लिहून ठेवू शकते. नव्या आवृत्तीकडे जाण्याआधी सगळा प्रोफाइल फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवणे, हाच त्यावरचा शहाणा मार्ग होता आणि आजही आहे.

आता जे इंग्रजी मदत-पुस्तिकांत सहसा सापडत नाही, पण मराठी नावे ठेवणाऱ्या प्रत्येकाला भोवते, ते पाहू. संपर्क एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेण्याची सर्वमान्य फाइल म्हणजे व्हीकार्ड. तिची 2.1 ही आवृत्ती 1996 ची आहे, आणि अनेक अँड्रॉइड फोन आजही त्याच आवृत्तीत संपर्क बाहेर काढतात. या आवृत्तीत देवनागरी अक्षरे सरळ लिहिली जात नाहीत, सांकेतिक रूपात लिहिली जातात. एका देवनागरी चिन्हाचे यूटीएफ-8 या संकेतपद्धतीत तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइटसाठी बरोबरचे चिन्ह व दोन अंक किंवा अक्षरे, म्हणजे एकूण नऊ जागा लागतात. ‘श्रीकृष्ण’ या नावात जोडाक्षरे आणि मात्रा धरून नऊ चिन्हे आहेत. त्याच्या झाल्या एक्क्याऐंशी जागा. पण या पद्धतीत एक ओळ 76 जागांपेक्षा लांब ठेवायची नसते. म्हणून नाव मध्येच तोडून पुढच्या ओळीवर न्यावे लागते. आयात करणारे ॲड-ऑन या तुटलेल्या ओळी जोडायला विसरले, की नावाचे शेपूट गळते. इंग्रजी नावाला हे सोपस्कारच लागत नाहीत, त्यामुळे फक्त इंग्रजी नावांवर तपासलेल्या ॲड-ऑनमध्ये हा दोष लपून राहतो. नवे ॲड-ऑन घेतले की सगळी यादी त्यात ओतण्याआधी जोडाक्षरांची चार लांबलचक मराठी नावे टाकून पाहावीत.

एक्सेलमधून यादी नेताना तर दुहेरी संकट असते. सीएसव्ही फाइल डबल-क्लिक करून उघडली, की देवनागरीच्या जागी अनेकदा अगम्य चिन्हे दिसतात. त्याऐवजी ‘डेटा’ मेनूमधून ती आत आणावी आणि 65001 क्रमांकाची यूटीएफ-8 ही संकेतपद्धती निवडावी. त्याच वेळी नंबरांचा रकाना ‘टेक्स्ट’ करावा. नाहीतर मुंबईच्या 022 मधले पहिले शून्य जाते, आणि पुढे 91 लावलेला बारा अंकी मोबाइल नंबर एक्सेल घातांकाच्या रूपात दाखवते. तो तसाच सीएसव्हीमध्ये सेव्ह झाला, तर शेवटचे अंक कायमचे जातात. हे नुकसान कोणतेही ॲड-ऑन भरून काढू शकत नाही.

आणि शेवटी परवानगीचा प्रश्न, जो बहुतेक लोक न वाचता पुढे ढकलतात. ॲड-ऑन इन्स्टॉल करताना ‘तुमचे सर्व संपर्क पाहणे, बदलणे आणि काढून टाकणे’ अशी परवानगी मागितली जाते. ती देणारा एक असतो. नंबर मात्र शेकडो दुसऱ्या माणसांचे असतात, आणि त्यांना कोणी विचारलेले नसते. फेब्रुवारी 2012 मध्ये ‘पाथ’ हे ॲप आयफोनमधली संपूर्ण पत्त्यांची वही न विचारता आपल्या सर्व्हरवर चढवत असल्याचे उघड झाले, तेव्हा कंपनीला माफी मागून तो साठा पुसावा लागला. त्याच वर्षी आलेल्या आयओएस 6 मध्ये ॲपला संपर्क वाचण्याआधी मालकाची परवानगी घेणे सक्तीचे झाले. भारतात संसदेने 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आहे. घरगुती वापराची वही त्यातून सुटते, व्यवसायासाठी ठेवलेली ग्राहकांची यादी सुटत नाही.

वाचकांनी एवढे करावे. गुगल खात्याच्या ‘सिक्युरिटी’ विभागात आपल्या खात्याशी जोडलेल्या बाहेरच्या ॲपची यादी असते. मायक्रोसॉफ्ट खात्यातही तशी सोय आहे. ती उघडून पाहावी. कधीतरी चाचणीसाठी टाकलेले आणि नंतर विसरून गेलेले एखादे ॲड-ऑन त्यात सापडेल. संगणकावरून ते काढले असले, तरी खात्यावरची त्याची परवानगी आपोआप जात नाही. तिथे जाऊन ती वेगळी काढावी लागते.