कॉस्प्ले छायाचित्रण : वेश पात्राचा, संमती माणसाची

जपानी ॲनिमेमधील किंवा चित्रकथांमधील एखाद्या पात्राचा वेश धारण करून त्याच्यासारखे वावरण्याच्या छंदाला ‘कॉस्प्ले’ म्हणतात. जपानी पत्रकार नोबुयुकी ताकाहाशी यांनी १९८३ साली एका मासिकात हा शब्द वापरला आणि पुढे तो जगभर रूढ झाला. भारतात ‘कॉमिक कॉन’ संमेलनाची सुरुवात २०११ साली दिल्लीत झाली. त्याच वर्षी ते मुंबईत आणि २०१२ साली बंगळुरूत पोहोचले. या संमेलनांत वेशधारी कलाकारांभोवती कॅमेऱ्यांची गर्दी होते. मात्र त्यांतील मोजक्याच छायाचित्रांत पात्र उभे राहते. उरलेली केवळ पोशाखाची नोंद ठरतात. हा फरक कशामुळे पडतो?

सोंग कसे वठते?

वेशांतराची कला महाराष्ट्राला नवी नाही. बहुरूप्याचे सोंग वठले की नाही, हे त्याच्या कपड्यांइतकेच त्याच्या चालण्याबोलण्यावरून ठरत असे. छायाचित्रात मात्र चाल नसते आणि बोलणेही नसते. चित्रकारापुढेही हीच अडचण असते. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील कलादालनात राजा रविवर्मा यांची पौराणिक विषयांवरील चित्रे आहेत. आयुध, अलंकार, उभे राहण्याची ढब आणि चेहऱ्यावरील भाव यांवरून त्यांतील पात्रे ओळखता येतात. कॉस्प्ले छायाचित्रणाचीही हीच साधने आहेत.

‘डेमन स्लेयर’ या मालिकेतील तांजिरो कामादोचे उदाहरण घेता येईल. कोयोहारू गोतोगे यांची ही चित्रकथा २०१६ ते २०२० या काळात प्रसिद्ध झाली आणि २०१९ मध्ये तिच्यावरील ॲनिमे आले. हिरव्या-काळ्या चौकटींचा अंगरखा, कानांतील पत्त्यांच्या आकाराची कर्णभूषणे आणि कपाळावरील व्रण या तांजिरोच्या खुणा होत. परंतु या खुणांसह तलवार उगारून क्रुद्ध चेहऱ्याने उभा राहिलेला कलाकार अर्धाच तांजिरो ठरतो. ज्या राक्षसाचा वध केला त्याच्याविषयीही करुणा बाळगणे, हा या पात्राचा गाभा आहे. ती करुणा डोळ्यांत दिसली, तरच चाहत्यांना ओळख पटते. म्हणूनच जाणकार छायाचित्रकार आधी कथा समजून घेतात आणि कोणता प्रसंग टिपायचा, हे कलाकाराशी बोलून ठरवतात.

प्रकाश आणि पार्श्वभूमी

संमेलनाच्या सभागृहात छतावरील दिव्यांचा प्रकाश वरून पडतो. टोपाच्या केसांची सावली डोळ्यांवर येते आणि नेमका भावच हरवतो. समोरून किंवा बाजूने सौम्य प्रकाश दिल्यास ही सावली कमी होते. मागील गर्दी आणि दुकानांचे फलक धूसर करण्यासाठी भिंगाचे छिद्र मोठे ठेवतात. कॅमेरा कमरेच्या उंचीवर धरल्यास पात्र भव्य भासते, तर डोळ्यांच्या पातळीवर धरल्यास जवळचे वाटते. अंगरख्याचा घोळ हवेत थिजवायचा असेल, तर शटरचा वेग वाढवावा लागतो.

परवानगीचा प्रश्न

वेश कितीही काल्पनिक असला, तरी आत खरा माणूस असतो. न विचारता छायाचित्र घेणे, पोशाखाला हात लावणे, अंगलट येणे असे प्रकार विशेषतः तरुणींच्या वाट्याला येतात. ‘कॉस्प्ले म्हणजे संमती नव्हे’ अशा आशयाचे फलक न्यूयॉर्कच्या कॉमिक कॉनमध्ये २०१४ साली लावण्यात आले होते. टोकियोतील ‘कॉमिकेट’ संमेलनात कॉस्प्ले आणि छायाचित्रणासाठी ठरावीक जागा राखून ठेवतात.

छायाचित्र घेण्यापूर्वी विचारावे, घेतल्यावर ते दाखवावे आणि इंटरनेटवर टाकण्यासाठी वेगळी परवानगी घ्यावी. कलाकार अल्पवयीन असल्यास पालकांना विचारणे आवश्यक आहे. पोशाखासाठी अनेक आठवडे राबलेल्या कलाकाराचे नाव छायाचित्रासोबत देणे, हा साधा शिष्टाचार आहे.

ही केवळ सभ्यतेची बाब नाही. अचानक समोर आलेल्या कॅमेऱ्यापुढे माणूस सावध होतो आणि पात्र चेहऱ्यावरून निघून जाते. विश्वास वाटला तरच कलाकार त्या भूमिकेत शिरतो. तेव्हा संमती हा छायाचित्रणातील अडथळा नसून त्याची पहिली पायरी आहे.