पावसाआधी एकदा माळ्यावर जा

वैशाखातल्या भर दुपारी माळ्यावर जायचं, खिडकी ओढून घ्यायची आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत नुसतं उभं राहायचं. हळूहळू छपर बोलू लागतं. कौलांच्या सांध्यांतून झिरपणारी उजेडाची पुसट रेघ चालेल. पण थेट जमिनीवर कवडसा पडत असेल, तर तिथे कौल सरकलंय किंवा फुटलंय. शेजारच्या वाशावर खडूने खूण करा. कोकणातल्या कौलारू घराची तपासणी अशी, शिडी न लावताच सुरू होते.

बाझेल मिशनने 1865 मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि खाचेत खाच बसणारी ही कौलं गलबतांतून आपल्या किनाऱ्यावर आली. चांगलं भाजलेलं कौल पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. शंका आली तर बोटाच्या पेराने वाजवून पाहा. खणखणीत वाजलं तर ठेवा. बद्द आवाज आला तर आत चीर आहे. शेवाळ मात्र वेळेवर काढायला हवं. ते ओल धरून ठेवतं, खाचा बुजवतं, मग वाहून जाणारं पाणी आत वळतं. शेवाळ उन्हाळ्यात सुकलं की काथ्याच्या ब्रशने निघतं.

खरी काळजी लाकडाची. कौलांआधी रिपा आणि वासे थकतात. गळतं एकीकडे आणि टपकतं दुसरीकडे, कारण पाणी वाशावरून ओघळत खाली येतं. म्हणून डाग दिसला की वाशाचा माग धरून वर जायचं. भिंतीत टेकलेली वाशांची टोकं आणि दोन पाखी मिळतात तिथल्या पन्हळीलगतचं लाकूड सुरीने टोचून पाहा. सुरी सहज रुतली, तर आत कूज आहे. भिंतीवर मातीची बारीक नळी चढलेली दिसली, तर वाळवी पोचली आहे. शेवटी अंगणात लांब उभं राहून आढ्याकडे नजर लावा. रेषा मधे झोल खात असेल, तर नुसती शाकारणी पुरणार नाही, सुताराला बोलवा.

पन्हळीतला पालापाचोळा काढणं आणि कोन्यांच्या सांध्यांतली चीर बुजवणं ही कामं मे महिन्यातच उरका. वर चढणाऱ्याने शिडी छपरावर आडवी टाकून तिच्यावरूनच फिरावं. कौलाच्या मध्यावर पाय देऊ नये. वळचणीच्या ओळी तारेने बांधून घ्या. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने आत शिरलं, तेव्हा रायगड आणि रत्नागिरीत कितीतरी घरांची कौलं उडाली. वारा कडेखालून घुसतो आणि पहिली ओळ उचकटली की पुढच्या सुटू लागतात.

जुनं घर पाडत असतील, तिथून पन्नासेक कौलं आणून पडवीत रचून ठेवा. मात्र कौल उलटं करून पाठीवरचा कारखान्याचा ठसा बघून घ्या. दोन कारखान्यांच्या खाचा एकमेकींत नीट बसतीलच असं नाही.

गळतीला कंटाळून बरेचजण कौलं उतरवतात आणि पत्रे चढवतात. तसं करण्याआधी एवढं ध्यानात घ्या: कौलारू छपर एकेक कौल बदलून दुरुस्त होतं, आणि त्याला वर्षाकाठी दोन दिवस पुरतात. यंदाचे दोन दिवस आगोटीच्या कामांत आजच धरून ठेवा.